यंत्र पुरेसे आहे

मी प्रोग्रामर आहे, हे आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कोणी मनापासून मान्य केलेलं नाही. एकवीस वर्षं मी दुकानांचे, दवाखान्यांचे, वाचनालयांचे प्रोग्राम लिहितोय, पण जिन्यात कोणी भेटलं की प्रश्न एकच. "तुमचं ते कॉम्प्युटरचंच आहे ना? मग आमच्या टीव्हीचा रिमोट जरा बघता का?" मी बघतो. सेल बदलून देतो. "वा, डोकं आहे हो तुम्हाला!" असं म्हणून लोक दार लावून घेतात. माझ्या एवढ्या वर्षांच्या व्यासंगाला घराबाहेर मिळालेली दाद ती एवढीच.

घरात मात्र एका माणसाला माझ्या कामाची किंमत आहे, ती म्हणजे बायकोला. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसते. तिथे पूर्वी उशीएवढी जाड रजिस्टरं होती आणि संध्याकाळी दारापर्यंत रांग असायची. तीन वर्षांपूर्वी तिने समितीपुढे उभं राहून ठणकावून सांगितलं, की आमच्या ह्यांचा प्रोग्राम घ्या, रांग राहिली तर मला विचारा. वाचनालयाचे चिटणीस पक्के रजिस्टरवाले. ते म्हणाले, "बाई, केवळ तुम्ही म्हणता म्हणून घेतो. पण परत रांग दिसली तर तुमचा प्रोग्राम घरी आणि माझं रजिस्टर काउंटरवर." तेव्हापासून एक पुस्तक दोन सेकंदांत नोंदलं जातं. बायको घरी आली की पर्स ठेवता ठेवता सांगते, "आज एकशेदहा पुस्तकं दिली, एक माणूस खोळंबला नाही." मी आपला पेपर वाचत असल्यासारखं करतो, पण पेपरातलं एक अक्षर दिसत नसतं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या साहेबांनी एका सोमवारी ऑफिसात सगळ्यांना उभं करून जाहीर केलं, की प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला नवा, ताकदवान लॅपटॉप मिळणार, आणि तो ज्याचा त्याने निवडायचा. पुढे ते "गरज सिद्ध झाल्यास" असं काहीतरी म्हणाले म्हणे. त्याच्याही पुढे बरंच बोलले म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही, कारण मी मनाने दुकानात पोहोचलो होतो.

ऑफिसने दिलेला माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. त्याची मान ढिली झाल्यामुळे पडदा मागे कलंडतो, म्हणून पाठीशी एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवावा लागतो. बटण दाबल्यापासून तो जागा होईपर्यंत माझी दाढी आटोपते, आणि ज्या दिवशी त्याला स्वतःत काही सुधारणा करून घ्यायच्या असतात त्या दिवशी आंघोळसुद्धा. त्याचा पंखा सुरू झाला की भिंतीपलीकडच्या बाई विचारतात, "आज मिक्सर लवकर लावलात?" अशा यंत्रावर नऊ वर्षं काढलेल्या माणसाला "हवा तो निवडा" म्हटल्यावर त्याचं काय होईल, हे तुम्हीच सांगा.

पहिला सल्ला घरातूनच आला. माझा मेहुणा विम्याचं काम करतो, त्यामुळे कुठलीही वस्तू बघितली की तिचं काय काय बिघडू शकेल हे त्याला आधी दिसतं. रविवारी सकाळी तो मांडी ठोकून बसला.

"भाऊजी, रॅम बत्तीस. त्याच्या खाली बोलूच नका."

"आणि वर?"

"वर चौसष्ट. चौसष्टला कोणी नावं ठेवत नाही."

"अरे, पण लागेल का मला एवढी?"

"लागण्याचा काय संबंध? ऑफिस देतंय ना? आणि कोअर सोळा घ्या."

"सोळा कोअर करणार काय?"

"आठ काम करतील, आठ बघत बसतील. तुमच्या ऑफिसात दुसरं काय चालतं?"

मी सोळा लिहून घेतले.

दुसरा सल्ला वरच्या मजल्यावरून आला. तिथे निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर राहतात. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या, आणि आता लिफ्ट मिळत नाहीत म्हणून जे समोर येईल ते तपासतात. मी नुसतं बघायला दुकानात निघालो होतो, तर हे टोपी घालून जिन्यात उभे. "एकटे जाऊ नका. विकणारे लोक दार एकदा उघडून दाखवतात. एकदा तर कुठलंही दार उघडतं."

दुकानात मी विक्रेत्याला माझ्या कामाचं स्वरूप समजावून सांगत होतो, म्हणजे प्रोग्राम लिहिणं, तो चालवून बघणं, शेजारी पत्रव्यवहार उघडा ठेवणं, वगैरे. मागून आवाज यायला लागला, "सात... आठ... नऊ..." बघतो तर इन्स्पेक्टरसाहेब सगळ्यात महाग लॅपटॉपचं झाकण उघडझाप करतायत. चाळीसपर्यंत विक्रेता हसत होता. साठला गिऱ्हाइकं जमली. नव्वदला कोणीतरी "शंभर होतील की नाही" यावर बोलायला लागलं. एकशेबाराला व्यवस्थापक आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी लॅपटॉप काढून घेतला.

"बिजागरी ठीक आहे," इन्स्पेक्टरसाहेब शांतपणे म्हणाले. "पण प्रमाणपत्र आत लावलेलं नाही."

व्यवस्थापकांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं. मला वाटलं सौजन्य असेल, पण आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत ते तिथेच उभे होते.

एवढं होऊनही मी निवड केली. प्रोग्रामर माणूस नुसता निवडत नाही, तक्ता करतो. माझ्या तक्त्यात बावीस लॅपटॉप होते आणि चौदा रकाने, वजनापासून पंख्याच्या आवाजापर्यंत. अकरा दिवसांनी त्यातून एक निघाला. मोठा पडदा, बत्तीस रॅम, सोळा कोअर, बटणं मऊ, आवाज नाही. तो माझा झालाच अशा थाटात मी खरेदी विभागात गेलो.

खरेदी विभागात एक बाई आहेत. त्यांचा नियमांवर जीव आहे, आणि मी हे कौतुकानेच म्हणतोय. त्यांनी मला सात पानी अर्ज दिला. नवव्या रकान्यात लिहिलं होतं, 'सध्याचे यंत्र अपुरे असल्याचा पुरावा.' मी लिहिलं, 'यंत्र बघावे.'

बाईंनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "बघून कळत नाही. मोजावं लागतं."

मग त्यांनी माझ्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम बसवला. ऑफिसात त्याला पहारेकरी म्हणतात. तो कोपऱ्यात हिरव्या ठिपक्यासारखा बसून राहतो, आणि काम करताना यंत्र जितक्या वेळा अडेल तितक्या वेळा नोंद करतो. काम म्हणजे गिऱ्हाइकाचं खरं काम, सराव धरत नाहीत. पंधरा दिवसांत निदान चाळीस नोंदी झाल्या तर गरज सिद्ध. मी मनात म्हटलं, चाळीस तर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत होतील.

पंधरा दिवसांनी बाईंनी निकाल वाचला. "तीन."

"तीनशे?"

"तीन. आणि त्यातली एक नोंद मंगळवारी दुपारची आहे. तुम्ही सहा मिनिटं एकच बटण दाबून ठेवलं होतं."

"विचार करत होतो," मी म्हटलं. खरं म्हणजे कोपर टेकून डोळा लागला होता.

अर्जावर शिक्का बसला, 'यंत्र पुरेसे आहे.'

म्हणजे बघा कसं झालं ते. लॅपटॉप थकलेला, म्हणून मी नऊ वर्षं त्याच्या कलाने घेत आलो. एका वेळी एकच खिडकी उघडायची. प्रोग्राममधला एक शब्द जरी जास्तीचा दिसला तरी काढून टाकायचा. काटकसर अंगात इतकी मुरली की माझे प्रोग्राम त्या म्हाताऱ्या यंत्राला कधी जड गेलेच नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही 'पसारा' म्हणतो. त्याच्या पडद्यावर एका वेळी साठ खिडक्या उघड्या, एकीत गाणी, एकीत सामना. त्याच्या नोंदी झाल्या नऊशे बारा. साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "कसं केलंस रे काम इतकी वर्षं?" त्याला चौसष्ट रॅमवाला मिळाला. मी बघत बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला जेवण गेलं नाही.

बाईंनी मात्र सांगितलं की एकदा फेरमोजणी मागता येते. दहा दिवसांची.

मी वरच्या मजल्यावर गेलो. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "लिफ्ट कधी रिकामी तपासतात का? वजन ठेवा वजन!" मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "भाऊजी, नुकसान दिसल्याशिवाय भरपाई मिळत नाही. नुकसान दिसू दे जरा." दोघांचं एकमत झाल्यावर मला धीर आला. बायकोला मी विचारलं नाही. का विचारलं नाही, ते आता लिहिताना मला चांगलंच कळतंय.

मी वाचनालयाचा प्रोग्राम उघडला आणि तो जड करायला घेतला. वाटतं तितकं हे सोपं नाही बरं का. पहिल्या प्रयत्नात तो आधीपेक्षा जलद झाला, कारण उघडल्या उघडल्या मला एक जुनी चूक दिसली आणि हात सवयीने दुरुस्त करून मोकळा झाला. मी स्वतःला चार शब्द सुनावले आणि पुन्हा बसलो. शेवटी जमलं. पुस्तक द्यायचं म्हटलं की आता प्रोग्राम चाळीस हजार पुस्तकं पहिल्यापासून बघणार. सापडलं की खात्रीसाठी शेवटापासून उलटी बघणार. मग सगळे सभासद तपासणार, त्यात जे वाचनालय सोडून गेले तेसुद्धा. दोन सेकंदांच्या कामाला सव्वीस सेकंद लागायला लागले, पंखा गर्जायला लागला आणि भिंतीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "पाहुणे येणारेत का?"

हे सगळं तात्पुरतंच होतं. चाळीस नोंदी झाल्या की काढून टाकणार होतो. केलेले बदल गिऱ्हाइकांकडे जातात ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि आज होती बारा तारीख. म्हणजे घाबरायचं काहीच कारण नव्हतं.

कारण होतं. साहेबांनी त्याच त्या सोमवारी, लॅपटॉपची घोषणा झाल्यावर, हेही सांगितलं होतं की यापुढे बदल दर शुक्रवारी आपोआप जातील. सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून.

शनिवारी दुपारी मी घरी अगदी खुशीत होतो. पहारेकऱ्याच्या एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या! बायको आली की तिला सरळ नवा लॅपटॉप येणार असल्याची बातमी द्यायची, बाकी तपशिलात शिरायचं नाही, असं ठरवून मी बसलो होतो. ती आली. पर्स ठेवली, पंखा लावला आणि तशीच खुर्चीत बसून राहिली.

"आज रांग जिन्यापर्यंत गेली होती," ती म्हणाली.

"कसली रांग?"

"पुस्तकांची. एकेका पुस्तकाला अर्धं अर्धं मिनिट. मी बंद करून चालू केलं, परत बंद केलं, काही फरक नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक येतात ना, ते म्हणाले, 'बाई, एवढ्यात मी पुस्तक इथेच वाचून परत केलं असतं.' सगळे हसले."

"मग?"

"मग चिटणीस आले. कपाटातून रजिस्टर काढलं, फुंकर मारली आणि माझ्यापुढे ठेवून गेले. मंगळवारी समितीची बैठक आहे. प्रोग्राम ठेवायचा का काढायचा." तिने पाणी घेतलं, पण ग्लास हातातच राहिला. "इतकी लाज वाटली ना मला. पण मी सगळ्यांना सांगितलंय, की ह्यांचा काही दोष नसणार. वाचनालयाचं मशीनच बिघडलं असणार."

रागावली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिने चारचौघांत माझी बाजू घेतली होती, आणि मी इथे एक्केचाळीसचा आनंद साजरा करत बसलो होतो.

"अगं, मशीन नाही बिघडलेलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. पहारेकरी, तीन नोंदी, इन्स्पेक्टरसाहेब, मेहुणा, सव्वीस सेकंद.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे मुद्दाम?"

"चाळीस व्हायला हव्या होत्या गं."

"किती झाल्या?"

"एक्केचाळीस."

"अभिनंदन," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी लगेच बसून सगळं ओझं उतरवलं. पण ते गिऱ्हाइकाकडे जाणार शुक्रवारी! मधल्या वारी पाठवायचं तर साहेबांकडे वेगळा अर्ज, आणि त्यात कारणाचा रकाना. म्हणून सोमवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच मी दारात जाऊन उभा राहिलो आणि स्वतःच्या हाताने जुना प्रोग्राम परत बसवला. पुस्तक पुन्हा दोन सेकंदांत. चिटणीस मागे हात बांधून बघत होते. "आज चालतोय," ते म्हणाले. "उद्या परत बसला तर? बैठक होईलच."

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनकक्षात बैठक बसली. लांब टेबलाभोवती समितीचे पाच जण, मध्यभागी ते रजिस्टर, आणि कडेच्या बाकावर आम्ही दोघं. शनिवारपासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि शनिवारपासून आमच्या घरात काम फारसं निघालंच नव्हतं. बैठकीत काय सांगायचं याबद्दल तिने मला एक शब्द विचारला नाही. चिटणिसांनी सुरुवात केली. "शनिवारी यंत्र बिघडलं होतं असं बाईंचं म्हणणं आहे. बाई, बोला."

ती उठायच्या आत मी उठलो. टेबलाची कड धरली.

"यंत्र बिघडलं नव्हतं. प्रोग्रामही आपण होऊन बिघडला नाही. मी बिघडवला. मुद्दाम."

चिटणिसांनी चष्मा काढला. "मुद्दाम म्हणजे?"

मी सांगितलं. सांगताना ते जितकं मूर्खपणाचं वाटत होतं तितकं करताना वाटलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला लॅपटॉप हवा म्हणून आमचे वाचक जिन्यात उभे?" एका सदस्याने विचारलं.

"हो."

"मग मिळाला का?"

"अजून नाही."

"यात बाईंचा काही हात?"

"तिला काही माहीत नव्हतं. ती तुमच्यापुढे जे बोलली ते माझ्यावर विश्वास ठेवून. तुम्हाला शिक्षा करायची असेल तर प्रोग्राम काढा, पण ती खोटं बोलली असं कोणी म्हणू नका."

मग कामकाजाची नोंद घ्यायला सुरुवात झाली. दुसऱ्या एका सदस्याने मजकूर सांगितला, "प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपली लबाडी स्वखुशीने कबूल केली." मी नम्रपणे विनंती केली की 'लबाडी'च्या जागी 'चूक' लिहावं. विनंती मताला टाकली. लबाडी तीन, चूक दोन. मी पडलो. पण 'चूक'वाल्या दोन हातांपैकी एक हात चिटणिसांचा होता.

ते उठले आणि रजिस्टर उचलून बगलेत धरलं. "अडतीस वर्षं मी हे रजिस्टर सांभाळलं. चूक निघाली की प्रत्येक जण म्हणायचा, शाई पसरली, पेन अडलं, उजेड कमी होता. माझ्या हातून झालं असं म्हणणारा आज पहिला भेटला. प्रोग्राम राहू द्या." आणि ते रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावून आले.

घरी जाताना आम्ही चालतच निघालो. अर्ध्या रस्त्यात बायको थांबली. मग म्हणाली, "मला मत असतं ना, तर लबाडी चार झाली असती." आणि हसली.

इथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. पण चांगल्या माणसांच्या चांगुलपणाला आवर घालता येत नाही. चिटणिसांनी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आमच्या साहेबांना पत्र लिहिलं, की आपल्याकडे इतका प्रामाणिक कर्मचारी असल्याबद्दल अभिनंदन, आणि सोबत बैठकीच्या कामकाजाची प्रत जोडली. गुरुवारी साहेबांचं बोलावणं आलं. आत खरेदी विभागाच्या बाईही बसल्या होत्या. मी मनातल्या मनात राजीनाम्याचं पहिलं वाक्य जुळवत आत गेलो.

साहेबांनी वाचून झालेलं पत्र खाली ठेवलं. "लबाडी हा शब्द त्यांचाच?"

"मतदानाने आलाय, साहेब."

"बसा." त्यांनी खणातून कागदांचा गठ्ठा काढला. "ह्या तक्रारी. दवाखाना, लाँड्री, दोन शाळा. सगळ्यांचं एकच, प्रोग्राम अडतो, माणसं खोळंबतात. आपल्या लोकांना विचारलं तर म्हणतात, आमच्याकडे तर पळतो! पळणारच. चौसष्ट रॅमवर काय वाटेल ते पळतं. गिऱ्हाइकाकडे कुठे आहे चौसष्ट? तुमच्याविरुद्ध नऊ वर्षांत ही एकच तक्रार, आणि तीसुद्धा तुम्हाला कष्ट करून निर्माण करावी लागली."

साहेबांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"आजपासून तुमचा लॅपटॉप हे ऑफिसचं तपासणी यंत्र. प्रत्येकाचा प्रोग्राम आधी त्याच्यावर चालवायचा. तीन सेकंदांच्या वर गेला की परत."

"एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानेच तपासायचं नाही, असा नियम आहे. हे यंत्र ह्यांच्याकडे ठेवता येणार नाही. बाहेरच्या, रोज खरं काम करणाऱ्या माणसाकडे पाहिजे."

"असं कोण आहे?"

बाईंनी समोरचं पत्र उचललं, खालची वाचनालयाची मोहोर बघितली आणि सावकाश माझ्याकडे बघितलं.

आठ दिवसांत सगळं कागदावर आलं. तपासणीचं ठिकाण वाचनालय, वेळ बुधवारी अकरा ते बारा. समितीने पाच विरुद्ध शून्य मान्यता दिली. बायकोला आमच्या ऑफिसचं पत्र आलं, त्यात तिच्या नावापुढे 'तपासणी अधिकारी' लिहिलेलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि मग मला मोठ्याने वाचायला लावलं. ज्या दिवशी माझा लॅपटॉप डब्यासकट वाचनालयात गेला, त्या दिवशी खरेदी विभागाच्या बाईंनी मला बोलावून माझा जुना अर्ज पुढे ओढला, आणि नवव्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कर्मचाऱ्याकडे यंत्र नाही.' गरज सिद्ध झाली.

अशा रीतीने तक्त्यातून निघालेला तो लॅपटॉप एकदाचा घरी आला. मेहुणा म्हणाला, "बत्तीसच घेतलात?" आणि उरलेला वेळ खट्टू होऊन बसला. इन्स्पेक्टरसाहेबांनी दोनशे वेळा झाकण उघडझाप करून, खाली सही करून, स्वतःच एक प्रमाणपत्र दिलं. यंत्र मात्र छान आहे हो. बटण दाबायच्या आत उघडतं म्हणा ना. पहिल्या दिवशी मी सवयीने दाढीचा ब्रश हातात घेतला आणि वळून बघतो तर ते तयार होऊन माझी वाट बघतंय. मी तसाच कामाला बसलो. आता भिंतीपलीकडून कोणी मिक्सरची चौकशी करत नाही, त्याचंच काय ते चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या बुधवारी मी वाचनालयात गेलो. नव्या यंत्रावर लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम सोबत होता, आणि घरी तो असा पळत होता की मला स्वतःचाच हेवा वाटला. काउंटरच्या एका टोकाला पुस्तकांचं काम चालू होतं. दुसऱ्या टोकाला माझा जुना लॅपटॉप, मागे डबा, आणि समोर आमच्या ऑफिसातल्या मंडळींची रांग. पसारा माझ्या पुढे होता. त्याला त्याआधी चार वेळा परत पाठवलं होतं. पाचव्यांदा तो पास झाला, तेव्हा त्याने मागे वळून माझ्याशी हात मिळवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पुढचे," बायको म्हणाली. तिने मान वर केली, मला बघितलं आणि ओळखीची रेषसुद्धा चेहऱ्यावर उमटू दिली नाही. प्रोग्राम चालवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. पंखा गर्जायला लागला.

"नऊ सेकंद. परत न्या."

"अगं, घरी तर डोळ्याचं पातं लवायच्या आत..."

"काउंटरवर अगं-बिगं नाही."

रांगेत मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिने तपासणीची वही ओढली, माझं नाव लिहिलं, पुढे नऊ लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात थोडा विचार करून एक ओळ लिहिली. मग सहीसाठी वही माझ्याकडे फिरवली. मी वाचलं. 'लबाडी नाही, नुसता आळस. पुढच्या बुधवारी यावे.'

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी खाली सही केली आणि मागच्याला जागा करून दिली.